मोडायचं तर ब्रॅकेटने मोडावं

आमच्या गल्लीत माझ्या दिरांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्यांना टिचकी म्हणत. लोखंडाचा कुठलाही तुकडा हातात आला की आधी त्याला मधल्या बोटाने टिचकी मारायची, कान जवळ नेऊन ऐकायचं आणि मगच तोंड उघडायचं, अशी त्यांची रीत होती. आपण बाजारात मडकं वाजवून घेतो ना, तसंच. मी लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातातल्या चहाच्या कपालाही टिचकी मारली आणि म्हणाले, "वहिनी, याला तडा आहे." कप माझ्या माहेरचा, कोरा करकरीत. मी मनात म्हटलं, हा उंटावरचा शहाणा दिसतोय. पुढे चार दिवसांत त्या कपाचा कान माझ्या बोटात राहिला आणि चहा मांडीवर आला.

मी त्यांना भाऊजी म्हणते. म्हणत होते, असं म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही.

खाली वर्कशॉप आणि वर घर, मध्ये लोखंडी जिना. खालचा ऑइलचा वास वर यायचा आणि वरचा फोडणीचा वास खाली जायचा. आमच्याकडे फक्त जुन्या गाड्या येत. ज्यांच्या कंपन्या केव्हाच बंद पडल्या, ज्यांचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही, अशा. गाड्यांना आम्ही रंगावरून ओळखायचो: तांबडी, पांढरी, हिरवी. माझे यजमान, ज्यांना मी आयुष्यभर 'हे' म्हणत आले, इंजिनं बघायचे आणि बोलायचे. बोलणं हा त्यांचा अर्धा धंदा होता. गिऱ्हाईक रागावून आलं तरी जाताना हसत जायचं. मी वरच्या खोलीत शिलाईयंत्रावर सीटची कव्हरं शिवायची. आणि भाऊजी खालच्या कोपऱ्यात, खिडकीखालच्या टेबलाशी, पाठमोरे बसून ब्रॅकेटं करायचे.

गाडीचा मालक रंगावर हात फिरवतो, बंपरमध्ये स्वतःचं तोंड बघतो, सीटवर बसून "वा" म्हणतो. त्या "वा"चा निम्मा वाटा माझा असायचा, खोटं कशाला बोलू. पण ब्रॅकेटकडे वाकून बघणारा माणूस मी तरी पाहिला नाही. मला स्वतःलाही पहिलं वर्षभर ते फडताळाखालच्या आधारासारखंच काहीतरी वाटायचं, आणि तसं मी एकदा चेष्टेने बोलूनही गेले. "भाऊजी, फळी टांगायची आहे, एक ब्रॅकेट द्या."

ते वर आले, माझ्या शिलाईयंत्राशी उकिडवे बसले आणि खालच्या मोठ्या चाकाला धरून ठेवणारा स्क्रू त्यांनी जरासा सैल केला. चाक एका सुताने तिरकं झालं, फार नाही. "आता शिवा," म्हणाले. मी पाय मारायला लागले. यंत्र चाललं, पण पट्टा कुरकुरायला लागला, मग एका कडेला सरकला, मग चाकावरून उतरून माझ्या पायावर पडला.

"हे तुमच्या पायाने चालतं," ते म्हणाले. "तिथे इंजिनाची ताकद असते. एकाच पट्ट्यावर पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो. तिन्ही पुल्या एका रेषेत हव्यात. डायनामोला त्या रेषेत कोण धरून ठेवतं? ब्रॅकेट. ते सूतभर चुकलं की पट्टा स्वतःलाच खातो. पट्टा गेला की पाणी फिरायचं थांबतं, आणि पाणी थांबलं की इंजिन उकळतं. लाखाची गाडी रस्त्यात उभी, मुठीएवढ्या बिडाच्या तुकड्यापायी."

मी म्हटलं, "एवढं समजवायला माझं यंत्र कशाला बिघडवलंत? तोंडाने सांगितलं असतं तरी कळलं असतं."

"कळलं नसतं," ते म्हणाले. मग स्क्रू आवळून खाली गेले. खरंच कळलं नसतं.

त्या दिवसापासून ते माझ्याकडे दोरा मागायला यायला लागले. ब्रॅकेट बसवलं की या पुलीपासून त्या पुलीपर्यंत दोरा ताणून धरायचा. तो तिन्ही पुल्यांच्या कडांना एकसारखा टेकला तर ब्रॅकेट बरोबर, मध्ये प्रकाशाची रेघ दिसली तर चूक. त्यासाठी त्यांना माझा सीट शिवायचा जाड पांढरा दोराच लागायचा, कारण तो ताणला तरी पीळ घेत नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहून ते हाक मारायचे, "वहिनी, दोरा." एवढंच. दिवसभरात त्यांच्या तोंडून मला ऐकू येणारे पुष्कळदा तेवढेच दोन शब्द असायचे. मी हातभर तोडून वरून टाकायची. कधी मुद्दाम लाल टाकायची, मग ते मुकाट्याने तिथेच उभे राहायचे, पांढरा येईपर्यंत.

ब्रॅकेट करायची त्यांची पद्धत अशी. आधी लाकडात कोरून नमुना करायचा, तो ओतारीकडे न्यायचा, ओतारी वाळूत साचा करून त्यात बीड ओतायचा, आणि मग तो ओबडधोबड तुकडा घरी आणून भाऊजी कानशीने घासत बसायचे. बाजूच्या वर्कशॉपांत लोखंडी पट्टी वाकवून भोकं पाडून देत, आणि रेषेत येत नसेल तर मागे वॉशर घालत. आमच्याकडे वॉशर घातलेला चालत नसे. ह्यांनी एकदा घाईत घातला, तर भाऊजी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. तसे ते बोलत नसतच, त्यामुळे ह्यांना ते आठवड्यानंतर कळलं.

पण त्यांच्या ब्रॅकेटांत आणखी एक गोष्ट होती. इंजिनाला जिथे बोल्ट बसतात आणि डायनामोला जिथे बसतात, त्या दोन्हींच्या मध्ये ते एक जागा बारीक ठेवायचे. तिला ते मान म्हणत. पहिल्यांदा ती मान पाहिली तेव्हा मी म्हटलं, "अहो, इथे तर मोडेल."

"हो, इथेच," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी काहीतरी फार हुशारीचं बोलले. "वहिनी, इंजिन धडधडतं, डायनामो लटकलेला. त्या धक्क्याने वर्षानुवर्षांनी कुठेतरी मोडणारच. बीड आहे, मोडेन पण वाकणार नाही अशी जात. आता इंजिनाला एक कान असतो, इंजिनाबरोबरच ओतलेला, त्यात हा बोल्ट जातो. ब्रॅकेट जाड केलं की सगळा धक्का त्या कानाला. कान मोडला तर इंजिन गेलं, कारण दुसरं इंजिन जगात नाही. म्हणून मोडायचं तर ब्रॅकेटने मोडावं. ब्रॅकेट मी पुन्हा करीन."

ह्यांनी मागून आवाज दिला, "नाकापेक्षा मोती जड नको, एवढं सांग की थोडक्यात!"

आमच्या घरातही तसंच होतं म्हणा ना. हे बोलायचे, मी भांडायची, आणि सगळ्याचा धक्का भाऊजींकडे जायचा. लग्न त्यांनी केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "टिचकी मारून बघता येत नाही."

आमची स्वतःची गाडी होती, निळी. भंगारातून दोघा भावांनी उचलून आणली आणि जिवंत केली. तिचं डायनामोचं ब्रॅकेट भाऊजींनी केलं होतं. तसं सुबक ब्रॅकेट त्यांनी परत केलं नाही, असं हे म्हणायचे.

थंडीतल्या एका सकाळी हे निळी घेऊन निघाले. दुसऱ्या गावात कुणाकडे तरी जुनं इंजिन पडून होतं, ते बघायला. धुकं इतकं की गल्लीच्या टोकाला गाडी दिसेनाशी झाली, नुसता आवाज येत राहिला. मी वरून ओरडले, "सावकाश जा." ह्यांनी हॉर्न वाजवला.

वाटेत ब्रॅकेटची मान मोडली. डायनामो लोंबकळला, पट्टा उतरला, समोरचा लाल दिवा लागला. हे मेकॅनिक. दुसरा कोणी असता तर इंजिन उकळेपर्यंत तसाच गेला असता. ह्यांनी शहाण्या माणसासारखी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि पुढे जाऊन बॉनेट उघडलं. तिथे वळण होतं. मागून ट्रक आला. त्याने निळीला मागून धडक दिली आणि निळीने ह्यांना चिरडलं.

आमच्याच गाडीने. मी हे वाक्य अजूनही सलग म्हणू शकत नाही.

पुढे गाडी ओढून आणली तेव्हा तिचा मागचा भाग कागदासारखा चुरगळलेला होता. इंजिनाला खरचटलंही नव्हतं. भाऊजींनी बॉनेट उघडलं, आत हात घालून इंजिनाचा कान चाचपला. कान शाबूत होता. मग ब्रॅकेटचे दोन तुकडे काढले आणि टेबलाशी जाऊन बसले. मी जिन्यात उभी होते. त्यांनी दोन्ही तुकड्यांना टिचक्या मारल्या, मोडलेली कड उजेडात धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत डाग नाही. जुना तडा नव्हता. जिथे मोडायला ठेवलं होतं तिथेच मोडलं."

मी म्हटलं, "भाऊजी, धुकं होतं. ट्रक होता."

"थांबावं कशामुळे लागलं?"

माझा धनी गेला होता आणि हा माणूस माझ्याकडून उत्तर मागत होता. मी वर गेले. त्या दिवशी त्यांचा मला राग आला, खूप राग आला, आणि तो ब्रॅकेटबद्दलचा नव्हता. माझ्याआधी तेच कोसळले होते, त्याचा होता. मला कोसळायला जागाच उरली नाही.

त्यानंतर ते बदलले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भाऊजी पाणीही फुंकायला लागले. त्यांच्या ब्रॅकेटांची मान गेली. आधी मान जाड झाली, मग मान आणि अंग एकच झालं. ओतारी त्यांचा जुना दोस्त. तो एकदा म्हणालाच, "टिचकी, हे गाडीचं करतोयस की पुलाचं?" भाऊजी हसले नाहीत. दोरा मागायलाही ते येईनासे झाले. बाजारातून त्यांनी स्वतःचं रीळ आणलं. मी वर शिवत बसायची आणि मधल्या पायरीकडे कान लावायची. पायरीवर कोणी यायचं नाही.

माझा मुलगा तोवर मोठा होऊन इंजिनाच्या कामाला उभा राहिला होता. बोलणं वडिलांचं नाही आलं, हात मात्र आला. तो एकदोनदा म्हणाला, "काका, हे फार जड होतंय." भाऊजी म्हणायचे, "मोडलं का?" मोडलं नव्हतं. हाच तर घात होता. कित्येक वर्षं त्यांचं एकही ब्रॅकेट मोडलं नाही. त्यांना वाटलं आपलं बरोबर आहे. मलाही तसंच वाटलं, कशाला लपवू? गाडी गेटातून बाहेर पडताना मी पण मनात म्हणायची, बरं झालं जाड आहे.

मग हिरवी आली.

हिरवी दाताच्या डॉक्टरांची. त्यांच्या वडिलांची गाडी. वडिलांनी शेवटची वर्षं त्यातच काढली, म्हणजे चालवत नसत, दुपारी नुसते आत बसून पेपर वाचत. डॉक्टर भला माणूस. भाऊजींनी तिचं ब्रॅकेट करून दिलं, तेही नव्या पद्धतीचं, उखळासारखं. वर्ष गेलं, दोन गेली. एक दिवस हिरवी ट्रकवर चढवून आमच्या दारात आली. मुलाने खाली वाकून पाहिलं आणि बराच वेळ डोकं वर काढलंच नाही.

ब्रॅकेट जसंच्या तसं होतं, खरचटलेलंही नाही. इंजिनाचा कान मात्र मुळासकट उपटून आला होता, आणि तडा तिथून आत पाण्याच्या जागेपर्यंत गेला होता. दुसरं इंजिन कुठे मिळणार? मुलाने जमेल तिथे विचारलं. कुठेच नव्हतं. भाऊजींनी शेगडीवर तापवून सांधायला बघितलं, राखेत पुरून हळूहळू थंड केलं, बाहेर काढून टिचकी मारली. आवाज बद्द आला, फुटक्या मडक्यासारखा. तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "दात असता तर मी बसवला असता. कान आहे, माझा इलाज नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर हसायला गेले, ते जमलं नाही. हिरवी त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे, असं ऐकते.

त्या संध्याकाळी माझा मुलगा भाऊजींसमोर जाऊन उभा राहिला. मी जिन्यात होते.

"काका, अति तिथे माती, हे मला तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. "आता पुरे. यापुढे ब्रॅकेटं मी बाहेरून करून आणीन."

मला वाटलं भाऊजी भांडतील. भांडा, मी मनात म्हटलं, एकदा तरी भांडा. त्यांनी हातातली कानस पुसली, फडक्यात गुंडाळली आणि खणात ठेवली. "बरोबर आहे पोरा," म्हणाले, आणि माझ्या अंगावरून जिना चढून गेले.

आयुष्यभर कोपऱ्यात पाठमोरा बसलेला माणूस वर येऊन खिडकीत बसला, तर घराला सवय कशी व्हायची? जेवायला हाक मारली की येत, वाढलेलं खात, ताट उचलत. मी मुद्दाम खारट करून बघितलं, बोलले नाहीत. मुद्दाम लाल दोऱ्याचं रीळ समोर ठेवलं, ढुंकून बघितलं नाही. टिचकी मारायची सवयही सुटली. आमच्या गल्लीतल्या टिचकीने टिचकी मारणं सोडलं! ओतारी भेटायला आला, आणि जाताना मला दारात म्हणाला, "वहिनी, याला काहीतरी काम द्या, नाहीतर हा असाच जाईल." काम मी काय देणार? मलाही दिसत होतं की ते रोज थोडे थोडे संपत आहेत. एक माणूस या घराने धुक्यात गमावला होता. दुसरा माझ्या डोळ्यांसमोर खिडकीत बसून चालला होता, आणि तो मला जाऊ द्यायचा नव्हता.

बाहेरून आणलेली ब्रॅकेटं कुरकुरायची. मुलगा वॉशर घालायला शिकला. मला वर आवाज ऐकू यायचा आणि भाऊजींनाही ऐकू यायचा, पण ते खिडकीबाहेर बघत राहायचे.

मुलाने मग निळी बाहेर काढली. इतकी वर्षं ती मागच्या शेडमध्ये झाकून ठेवली होती. विकायचा विषय निघायचा आणि मी तोंड फिरवायची. त्याने मला विचारलं नाही, सरळ मागचा चुरगळलेला पत्रा कापायला घेतला. "बाबांची गाडी मी चालवणार," म्हणाला. मी आधी आकांडतांडव केलं. मग त्याच्यासाठी सीट शिवायला बसले. आईचं असंच असतं. शिवताना सुई बोटात जात होती, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

सगळं झालं, ब्रॅकेट राहिलं. मुलगा वर आला आणि भाऊजींसमोर खाली बसला.

"काका, निळीचं ब्रॅकेट तुम्हीच करायचं. बाहेरचं मी त्या गाडीला लावणार नाही. आणि पूर्वीसारखं करायचं, मानेचं."

भाऊजींनी मान हलवली. नाही.

"मग गाडी तशीच राहील," तो म्हणाला आणि उठून गेला. हट्टही बापाचाच आला होता.

दुपारी मी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि समोरच बसले. "भाऊजी, का नाही?"

ते कपाकडे बघत म्हणाले, "मोडणारी वस्तू करू, वहिनी, आणि तिच्यावर त्याला पाठवू? आणि जाड करू, तर हिरवीचं झालं ते होईल. मला दोन्ही करता येत नाही."

"मोडायचं तर ब्रॅकेटने मोडावं, कोण म्हणायचं?"

"तो माणूस वेगळा होता."

मला राग आला. एवढ्या वर्षांचा साठलेला तो बाहेर पडला. "हे गेले ते ट्रकमुळे," मी म्हटलं. "तुमच्या ब्रॅकेटने इंजिन वाचवलं, तेवढंच त्याचं काम होतं. धुक्याचं काम ब्रॅकेटचं नव्हे. तुम्ही खिडकीत बसून मेलात तर मी काय दोन दोन माणसांना रडू? मला वेळ नाही. सीटा शिवायच्या आहेत."

चहा गार झाला. मी कप उचलायला गेले, तेव्हा त्यांचं मधलं बोट कपाच्या कडेवर होतं. मारली नाही, पण होतं.

मग एका सकाळी मी यंत्रावर होते आणि जिन्याच्या मधल्या पायरीवरून आवाज आला.

"वहिनी, दोरा."

मी पांढरा दोरा तोडला. पहिला फार आखूड तुटला, म्हणून दुसरा तोडला.

पुढचे काही दिवस घर परत जाग्यावर आल्यासारखं वाटलं. खालून लाकूड कोरल्याचा आवाज, मग ते ओतारीकडे गेले, मग आले, मग कानशीचा आवाज. खर्र, थांबून टिचकी, परत खर्र. मी शिवता शिवता त्या आवाजाच्या तालावर पाय मारायची. मला वाटलं, जिंकले मी. ओतारीला सांगायचंही ठरवलं.

कामाच्या शेवटच्या दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. भाऊजी खिडकीखाली पाठमोरे बसले होते. ब्रॅकेट व्हाइसच्या जबड्यात धरलेलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

मान दिसली. माझ्या अंगठ्याएवढी. आणि मला ते धुकं दिसलं, तो हॉर्न ऐकू आला, आणि वळणावर बॉनेट उघडून वाकलेला जो माणूस दिसला तो हे नव्हते, माझा मुलगा होता. आणि भाऊजींना समजावून, रागावून हे करायला लावणारी मी होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "थोडी जाड ठेवा ना."

कानस थांबली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते म्हणतील, तुम्हीच ना बोललात? ते तसं बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओळख होती. एवढी वर्षं ज्या खोलीत ते एकटे बसले होते, तिचं दार उघडून मी आत आले होते, तसं बघत होते.

"हं," ते म्हणाले. "हेच ते."

मग परत वळले. "अजून जाडच आहे, वहिनी. अजून घासायची आहे. तुम्ही इथेच उभ्या राहा. मी घासत जातो. जिथे तुम्हाला वाटेल तिथे बास म्हणा. तुम्ही म्हणाल तिथे थांबतो. मी काही विचारणार नाही."

त्यांनी कानस टेकवली आणि ओढली. बिडाची काळी पूड टेबलावर पडली. परत ओढली. मी चहाचा कप धरून उभी. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बास म्हणावं तर हिरवीचा तो उपटलेला कान डोळ्यांसमोर यायचा. न म्हणावं तर वळण. कधी म्हणायचं? आत्ता? आत्ता? कानस चालत राहिली. या माणसाने हे रोज केलं होतं, प्रत्येक गाडीसाठी, ह्यांच्या आधी आणि ह्यांच्या नंतर, आणि आम्ही वर बसून त्याला फळीचं ब्रॅकेट मागत होतो.

मी बास म्हटलं नाही. ते आपणहून थांबले. मान पूर्वी असायची तेवढीच झाली होती. त्यांनी ब्रॅकेट व्हाइसमधून काढलं, माझ्या कानाशी धरलं आणि टिचकी मारली. "ऐका," म्हणाले. खणखणीत वाजलं. चहा माझ्या हातातच गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

ब्रॅकेट बसलं. दोरा तिन्ही पुल्यांना टेकला, कुठेही उजेड दिसला नाही. मुलगा निळी घेऊन बाहेर पडला. आकाश स्वच्छ होतं, तरी भाऊजींनी गेटाशी स्टूल घेतलं आणि तो परत येईपर्यंत उठले नाहीत. मीही त्यांच्याशेजारी उभी राहिले. गाडी आली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकून टिचकी मारली आणि वर गेले.

त्यांनी परत ब्रॅकेट केलं नाही. मला वाटलं होतं की हे एक केलं की ते सुटतील. सुटले नाहीत. निळी बाहेर गेली की स्टुलावर जाऊन बसायचे, उन्हात बसायचे, थंडीत बसायचे, आणि गाडी आली की टिचकी मारून वर यायचे. ती थंडी त्यांच्या छातीत बसली. शेवटच्या दिवसांत अंथरुणावरून गाडीचा आवाज ऐकला की मला म्हणायचे, "वहिनी, जाऊन बघून या." मी जाऊन यायची आणि सांगायची, वाजलं. तसंच सांगून त्यांना पाठवलं मी.

आता ते स्टूल माझं. मुलगा वैतागतो. "आई, इंजिन गरम असतं, बोट भाजेल." भाजतं. मी तरी मारते. ब्रॅकेट वाजतं, मी वर येते आणि यंत्रावर बसते.

गाडी गेटाबाहेर पडली की मला वाटतं, तेव्हा बास म्हणायला हवं होतं. ती परत आली की वाटतं, बास म्हटलं नाही ते बरं केलं. उद्या सकाळी त्याला पुन्हा जायचं आहे.